न धावलेलं रबर

साखर कारखान्याचे माजी चेअरमन आबासाहेब इंगवले यांची गाडी वर्षातून चारदाच बाहेर पडायची. उद्या मात्र नातवंडांना घेऊन घाट उतरायचा होता. टायरवाला म्हणाला, "टायर नऊ वर्षांचे झालेत, बदला." ड्रायव्हर गुणवंता चक्रावला, कारण टायरवरची नक्षी तर कोरी करकरीत होती!

आबासाहेब कडाडले, "अरे, गाडी चाललीच नाही, तर टायर म्हातारे होतील कसे? न वापरलेलं रबर नवंच असतं!"

गुणवंताला टायरवाल्याचंही पटलं अन् साहेबांचंही. डोकं खाजवत तो म्हणाला, "साहेब, तुमच्या सत्काराचं मानपत्र कपाटात आहे ना? नऊ वर्षांत कुणी उघडलं नाही. जरा बघू?"

साहेब खुलले. लगबगीनं त्यांनी गुंडाळी आणली, तिच्यावरचं रबर ओढलं, आणि त्याचे तुकडे तुकडे होऊन हातात आले.

गुणवंता आणखीच गोंधळला. "साहेब, हे तर एक किलोमीटरही धावलं नव्हतं!"

साहेबांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग अंगणात खेळणाऱ्या नातवंडांकडे.

"स्टेपनी धरून पाचही बदल," ते म्हणाले, "आणि मानपत्राला दोरा बांध."