दांगटांचे ग्राफिक्स कार्ड आणि दसऱ्याचा हार

विषय: ग्राफिक्स कार्ड नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवल्याबाबत.
संदर्भ: दसऱ्याच्या दिवशी घडलेला प्रकार.

उपरोक्त विषयाबाबत हकिकत अशी, की एका तालुक्याच्या गावात एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन फोटो स्टुडिओ होते. एक मनोहर टिळेकरांचा, दुसरा भालचंद्र दांगटांचा. दोघेही लग्नाच्या फिल्म बनवत. दोघांचे काम सारखेच चांगले होते आणि दांगटांना नेमके तेच खुपत होते.

एके दिवशी टिळेकरांनी नवा संगणक आणला. त्याच्या पेटीला एका बाजूने काच होती आणि काचेआड जाडजूड ग्राफिक्स कार्ड निळ्या दिव्यांनी झळकत असे. संगणकात चित्रांचे ओझे वाहते ते हे कार्ड. ज्या फिल्मला पूर्वी अख्खा दिवस लागे, ती आता दोन-तीन तासांत होऊ लागली. दांगट आपल्या खुर्चीतून ते निळे दिवे पाहत. गिऱ्हाईक समोर बसलेले असले तरी पाहत.

शेवटी ते जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "टिळेकरांनी नेलं तेच कार्ड द्या."

"देतो. पण त्यांनी बरोबर मोठा पॉवर सप्लाय नेलाय, आणि हवा खेळवायला पाच पंखे. हे कार्ड वीज फार खातं, आणि तापतंही तितकंच."

"तो पॉवर सप्लाय बाहेरून दिसतो का?"

"नाही. तो पेटीच्या तळाशी, झाकणाआड असतो."

"मग राहू द्या. आमचा जुना ठणठणीत आहे."

कार्ड आले. जुन्या पॉवर सप्लायला पुरेशा वायरी नव्हत्या, म्हणून एकाच वायरीला दोन तोंडे जोडून काम भागवले. दिवे मात्र लाल घेतले, कारण समोरचे निळे होते.

बरोबरी झाली. दांगटांचे समाधान आठ दिवस टिकले. नवव्या दिवशी त्यांना ओव्हरक्लॉकिंगचा शोध लागला. कारखान्याने ठरवलेला वेग ओलांडून कार्ड पळवण्याला तसे म्हणतात. त्यासाठी पडद्यावरची एक खूण उजवीकडे सरकवावी लागते. सरकवणाऱ्याला कसलीही पात्रता लागत नाही, हा त्यातला दोष. दांगटांनी खूण सरकवली.

याच सुमारास गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई मालतीबाई निगडे यांनी दोघांना बोलावले. दसऱ्याला त्यांच्याकडे एक साखरपुडा होता. दोघांनी सकाळी चित्रीकरण करावे. त्याच संध्याकाळी पाहुणे पानावर बसण्याआधी जो पहिला फिल्म दाखवील, त्याला वर्षभराची सगळी लग्ने मिळतील. दांगटांना लग्ने हवी होतीच. त्याहून जास्त, ती टिळेकरांना मिळायला नको होती.

दसऱ्याला दोन्ही स्टुडिओंत रीतीप्रमाणे यंत्रांची पूजा झाली. टिळेकरांनी संगणकावर एक फूल ठेवले आणि काम सुरू करताना ते उचलून देवापुढे ठेवले. दांगटांनी झेंडूचा असा हार आणला होता, की पेटीची पुढची जाळी पार झाकून गेली.

चित्रीकरणाहून येऊन फिल्मचे काम सुरू झाल्यावर त्यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या, "अहो, हार काढा आता. हवा तिथूनच आत जाते. मशीन फणफणलंय."

"समोर किती फुलं आहेत?"

"एक होतं. तेही काढलं त्यांनी."

"देवाच्या बाबतीतही चिकटपणा. आपला राहू दे."

कार्ड फार तापले की स्वतःहून सावकाश चालू लागते. माणसांपेक्षा त्याला ही समज जास्त असते. फिल्म रेंगाळू लागलेली पाहून दांगटांनी खूण आणखी उजवीकडे नेली. कार्ड जास्त वीज मागू लागले. जुना पॉवर सप्लाय देता देता थकला. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंखा तर्र वाजू लागला. दोन तोंडांची वायर मऊ पडली, आणि पडदा काळा झाला.

लाल दिवे विझलेले टिळेकरांना दिसले. ते रस्ता ओलांडून आले.

"दांगट, माझी फिल्म झालीय. तुमची माझ्या मशीनवर लावा. अजून तीन तास आहेत हातात."

नलिनीबाईंनी चित्रीकरण साठवलेली डबी लगेच पुढे केली. दांगटांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"आमचं चालू आहे," ते म्हणाले.

"अहो, धूर येतोय."

"धूप आहे. दसरा आहे आज."

टिळेकर परत गेले. नलिनीबाईंनी मुख्य बटण बंद केले.

संध्याकाळी कार्यालयात एकच फिल्म दाखवली गेली. मालतीबाईंनी विचारले, "दांगट कुठे राहिले?" टिळेकर म्हणाले, "त्यांचा पॉवर सप्लाय गेला. नाहीतर ते माझ्याआधी आले असते." हे बोलणे दुसऱ्या दिवशी दांगटांच्या कानी आले. वर्षाची लग्ने गेली त्यापेक्षा त्यांना ते जास्त लागले.

पुढे त्यांनी जळके कार्ड, आतल्या पाकळ्यांसह, दुकानदाराकडे दिले आणि बदलून मिळण्यासाठी रीतसर अर्ज केला. अर्जात 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना होता. त्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: समोरचा स्टुडिओ.

तात्पर्य: मत्सरी माणसाला शेजाऱ्याचे दिवे दिसतात, त्यामागची तजवीज दिसत नाही, आणि शेजारी मदतीला आला, तरी तो हिणवायला आला असेच त्याला वाटते.

दांगटांचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.