तळहातावरचं दही

एकदा काय झालं, डोंगरापल्याड एक गवळण राहायची. भिवरा तिचं नाव. तिच्या हातचं दही असं घट्ट, की मडकं उपडं केलं तरी हलायचं नाही. तिला एकुलती एक लेक होती, बकुळा. मागल्या पावसाळ्यात ती तापानं गेली. मग भिवराचं घर नुसतं भिंतींचं उरलं.

गौरी आल्या. भिवरा गौरीपुढे बसून रडली, "सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या, माझीच तेवढी नाही." मग काय, गौर बोलली हो! म्हणाली, "धाडते तीन दिवस. पण तिसऱ्या सांजेला माझ्यासंगं तिलाही निरोप द्यायचा. तुझ्या हातचं दही तिच्या हातावर घालायचं. त्यावाचून लेक माहेर सोडत नसते."

"देईन, देईन," भिवरा म्हणाली. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते कबूल करतं.

मग बकुळा आली. पहिल्या दिवशी मायलेकी नुसत्या बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी एका ताटात पुरणपोळी जेवल्या. तिसऱ्या दिवशी भिवरानं लेकीची वेणी घातली, आणि घालता घालता तिचं मन फिरलं. उठली, आणि दह्याची सगळी मडकी उकिरड्यावर ओतून आली. वाटीभर विरजण मात्र फेकवेना, गवळणच ना ती! ते तिनं शिंक्यावर लपवलं.

दही नाही म्हणून निरोप नाही. निरोप नाही म्हणून सांज होईना. सूर्य डोंगरावर टेकला तो टेकलाच.

भिवरा खुशीत. पण मग गाई रानातून परतेनात. सांज झाल्यावाचून गाय घरी येते का कधी? दाव्याला हंबरून हंबरून वासरांचे घसे बसले. भिवरानं कान झाकले. मग गावातली लेकरं निजेनात. तुम्ही निजत नाही ते लबाडीनं, बरं का. त्यांना बिचाऱ्यांना झोपच येईना. शेजारीण पोर खांद्यावर घेऊन आली, "भिवरावैनी, काहीतरी करा हो." भिवरानं दार लावून घेतलं.

मग बकुळानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, "आई, लई दमले गं. डोळे जड झालेत, पण मिटत नाहीत."

आता दार तरी कुणाला लावणार?

भिवरानं शिंक्यावरून वाटी काढली. सकाळचं दूध कोमट केलं, विरजण लावलं. लेकीला थोपटत मनात म्हणत राहिली, लागू नको रे, लागू नको. पण दही लागलं. घट्ट, गोड, नेहमीसारखं. "मेला माझ्या हाताचा गुण!" म्हणून ती धाय मोकलून रडली. मग तिनं ते लेकीच्या तळहातावर घातलं.

माहेराहून निघताना लेकीनं "येते" म्हणावं, "जाते" म्हणू नये. भिवरा तेवढ्या एका शब्दासाठी कान देऊन उभी होती. बकुळानं दही चाटलं, उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "जाते, आई."

सूर्य बुडाला. गाई घरी आल्या. भिवरानं रडत रडत धारा काढल्या. गावभर लेकरं निजली.

परत आली का? नाही रे बाळा. पुढल्या गौरींनाही नाही. गाव सुखानं नांदलं. भिवरा नांदली.

मिटा आता डोळे. मिटतात ना? मग तेच सुख समजा आणि निजा.