महाराजांचं कानडी आणि निंगव्वाचा पट

बोरगडच्या रणधवल महाराजांनी पाहुण्याला कानडीत "बसा" म्हणायचं, ते "ओडि" म्हणजे "पळा" म्हणून सांगितलं, आणि पाहुणा बिचारा खरंच धोतर सावरत पळाला! साधासुधा पाहुणाही नव्हे. युवराजांच्या लग्नाची बोलणी करायला कानडी मुलखातल्या व्याह्यांनी धाडलेला वकील तो!

दरबारात प्रधान वामनपंत म्हणाले, "वा! काय दरारा आपल्या कानडीचा!" बोरगडची रीतच होती, महाराज चुकत नाहीत. एकटा घोड्यांचा मोतद्दार मल्लाप्पा तेवढा दाराशी उभा राहून खो खो हसला. जातीचा कानडी माणूस, करणार काय? महाराजांनी त्याला तिथल्या तिथे तुरुंगात टाकला.

मल्लाप्पाची बायको निंगव्वा मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची. पिठाच्या हातांनीच ती धावत आली आणि महाराजांच्या पायांवर पडली.

"सोडतो," महाराज म्हणाले, "पण आधी मला कानडी यायला हवं. आता व्याही स्वतः यायचे आहेत. आणि ऐक! पोथी उघडायची नाही, पाठ घोकून घ्यायचे नाहीत, आणि मला कुणी 'चुकलं' म्हणायचं नाही! म्हणालीस तर नवऱ्याशेजारी तूही!"

याच अटींपायी एकामागून एक शास्त्रीबुवा गाशा गुंडाळून गेले होते. पण निंगव्वाला ठाऊक होतं, महाराजांचा जीव सोंगट्यांत. आणि सगळा दरबार मुद्दाम हरायचा, म्हणून ते आजवर कधी हरलेच नव्हते.

"सरकार, पट मांडू?" ती म्हणाली. "कवड्यांचं दान कानडीत बोलायचं. बोलाल तेवढीच घरं सोंगटी चालणार. पडल्यापेक्षा जास्त बोललात, तर सोंगटी जागेवरच."

एक ते सहा आकडे तिने बोलून दाखवले. महाराजांनी कवड्या फेकल्या. पाच पडले!

"मूरु!" महाराज गरजले.

निंगव्वाने महाराजांची सोंगटी तीन घरं सरकवली आणि आपल्या दानाला ती मारलीसुद्धा!

"अगं ए!" वामनपंत ओरडले. "महाराजांना पाच म्हणायचं होतं!"

"पण म्हणाले तीन! राजाचा शब्द मोडायची सोंगटीची काय बिशाद, पंत? की तुम्ही मोडताय?"

पंतांनी सोंगटीकडे नेलेला हात घाईघाईने मागे घेतला. महाराजांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? 'चुकलं' तर कुणीच म्हणालं नव्हतं! डाव गेला, त्यामागून दुसरा गेला, आणि जन्मात पहिल्यांदा महाराज हरले.

"पुन्हा मांड!"

मग काय विचारता! महाराज आंघोळ करताना ओंदु, एरडु म्हणायचे आणि जेवताना नाल्कु, ऐदु. आकडे जमले तशी निंगव्वाने नवी अट घातली. पटावर बसल्यावर जो मराठी बोलेल, त्याचा डाव गेला! पाणी मागायचं तर कानडीत, भांडायचं तर कानडीत. सुरुवातीला महाराज तहानेने कासावीस झाले, पण हरायला तयार होईनात. पुढे पुढे तर ते इतकं तोंडभरून भांडायला लागले, की निंगव्वालाच पदर तोंडाला लावून हसू दाबावं लागे.

व्याही वेशीवर आल्याची वर्दी आली. निंगव्वा भर दरबारात हात जोडून उभी राहिली. "सरकार, माझा धनी?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "कसला धनी? मी शिकलो कुठे? मी तर खेळलो! एक तरी पाठ दिलास का तू मला?"

"अगदी बरोबर! पाठ कुठे झाला?" पंतांनी री ओढली. साऱ्या माना डोलल्या.

निंगव्वाने ओळखलं, आता रडून हा माणूस बधायचा नाही. ती पंतांकडे वळली आणि शांतपणे कानडीत म्हणाली, "तुमचे महाराज कालचा डाव जिंकले, पण माझी पाठ वळल्यावर सोंगटी सरकवून. रडीचा डाव तो!"

पंतांना ओ की ठो कळलं नाही. सवयीने ते म्हणाले, "अगदी बरोबर!"

"सुळ्ळु!" महाराज ताडकन उठले. "सुळ्ळु! नाने गेद्दे! नाने गेद्दे!"

पंतांनी भीत भीत विचारलं, "महाराज काय म्हणाले गं?"

"खोटं आहे, मीच जिंकलो, असं म्हणाले," निंगव्वा म्हणाली. "सरकार, मी कानडीत बोलले. एवढ्या दरबारात कुणाला कळलं नाही. जे शिकलेच नाहीत, त्यांना कसं हो कळलं? आणि भांडले ते कुठल्या भाषेत?"

महाराज पोट धरून असे हसले की मुकुट कलंडला!

"सोडा रे मल्लाप्पाला! आणि हे घे," म्हणत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातावर ठेवलं. "पण मी सोंगटी सरकवली नव्हती हं! मांड पट, आत्ता दाखवतो!"

"आज नाही, सरकार," कडं कनवटीला लावत निंगव्वा म्हणाली. "आज तुमच्याशी भांडायला व्याही येतायत, आणि माझ्याशी भांडायला माझा नवरा!"