मुरगुडेशेठच्या नातीचं बारसं

गडहिंग्लजचे मुरगुडेशेठ व्हिडिओ साठवायचे एसएसडी ड्राइव्ह विकताना आधी भाषण देत. "मिनिटात अख्खं लग्न कॉपी होतं," म्हणत ते ड्राइव्ह फरशीवर आपटत, पुन्हा जोडत आणि त्यातलं गाणं वाजवून दाखवत. गिऱ्हाईक तिथेच गार होई.

लग्नांचं चित्रीकरण करणारी मृदुला खवरे मात्र नुसती बघत राहिली. गेल्या मोसमात एका जोडप्याची सप्तपदी तिच्या ड्राइव्हसकट गेली होती, आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

"शेठ, नातीच्या बारशाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये असेल ना?"

"आहे की."

"तो यात टाका, मोबाईलमधला पुसा आणि मग आपटा. बारसं दिसलं तर चार घेते."

व्हिडिओ खरोखरच झरकन उतरला. पुसायच्या बटणावर मात्र शेठचा अंगठा नुसताच घुटमळला.

"असं कसं पुसू, ताई?"

"बरं, घरचे बाकीचे व्हिडिओ कशात ठेवता?"

शेठनी गल्ल्याखालचा खण उघडला. आतला ड्राइव्ह दुसऱ्याच कंपनीचा होता.

"असले चार द्या," मृदुला म्हणाली, "आणि हे आपटून दाखवू नका."