कपिला यायची राहिली

बेलसांगवीच्या कृपानाथ महाराजांच्या आठवणी मी लिहितो म्हणून मागच्या श्रावणात एका भगिनीने मला पत्र पाठवले होते. "सासूबाई दिवसभर बऱ्या असतात. ऊन उतरले की 'मला माझ्या घरी पोचवा' म्हणत दाराकडे धावतात. त्या स्वतःच्याच घरात असतात हो! डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात, औषध चालू आहे. पण संध्याकाळी त्यांना आवरणे मला जमत नाही. महाराजांपाशी यावर काही आहे का?" मी वैद्य नव्हे, आणि भक्त म्हणूनही कच्चाच. पत्र तसेच राहिले. नंतर मठातली जुनी टिपणे वाचताना हा प्रसंग हाती आला. जमेल तसा सांगतो.

महाराज त्या काळी बेलसांगवीत ओढ्याकाठच्या मठात राहत. गावात लिंबाजी गवळी नावाचे वृद्ध गृहस्थ होते. एके काळी त्यांच्या दावणीला चौदा गाई होत्या. गाई रानातून परतल्या की एकेकीला नावाने हाक मारायची, तिच्या खुंट्याला बांधायची, आणि शेवटची गाय बांधली गेल्याशिवाय घरात ताट वाढायचे नाही, असा त्या घराचा नेम. पुढे एका साथीत सगळ्या गाई गेल्या. बापाला पाहवत नाही म्हणून मुलगा कोंडिबा याने खुंटे उपटले आणि गाई बांधायची दावी माळ्यावर टाकून दिली. काही वर्षांनी लिंबाजीबाबांची आठवणही विरत गेली.

सकाळी ते शांत असत. उन्हे कलली की मात्र उठबस सुरू होई. "गाई आल्या न्हाईत! सोडा मला!" घरात कोणी चोर उभे आहेत असे वाटून ते ओरडत. ताटाला शिवत नसत. सून सगुणा समजावी, "मामंजी, गाई न्हाईत आता." ते ऐकून म्हातारा जणू त्याच क्षणी गाई गेल्यासारखा रडे. रोज नव्याने!

एके दिवशी ती मठात आली. तिथे त्र्यंबकशास्त्री बसले होते. विद्वान माणूस, पण जिभेला धार फार.

"काय गं सगुणे, सासऱ्याच्या गाई आल्या का चरून?" शास्त्री हसले. "अगं, दिवेलागणीला लक्ष्मी दारी येते. आणि तुमच्या दारात हा बोंबलतो! त्या वेळी आतल्या खोलीत घालून कडी लाव."

"अंधाराला लई भित्यात वो ते," सगुणा म्हणाली.

"मग तूही जा आत. दोन खुळी एका जागी!"

महाराजांनी सगळे ऐकून घेतले. ते म्हणाले, "बाई, दिवा कुठे ठेवतेस?"

"मागच्या कोनाड्यात."

"म्हणजे घरात फिरणाऱ्यांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर पडतात. त्यांना तेच चोर दिसत असतील. दिवा समोर ठेव, दोन ठेव, आणि उजेड आहे तोवर लाव. दुपारी फार झोपू देऊ नकोस. गाई नाहीत हे रोज सांगू नकोस. माळ्यावरची दावी खाली काढ आणि ऊन उतरायच्या आत त्यांच्या हातात दे. तू जवळ बस."

"झालं!" शास्त्री म्हणाले. "आता महाराजही गाई राखणार!"

सगुणाने तसे केले. पहिल्या दिवशी फारसा फरक पडला नाही. चौथ्या दिवशी लिंबाजीबाबांनी चौदा दावी ओळीने मांडली, एकेक नाव घेतले आणि भाकरी खाल्ली!

पण शास्त्रीबुवा चावडीवर कोंडिबाला चिडवू लागले, "तुझ्या घरी दोऱ्यांचा गोठा आहे म्हणे!" कोंडिबाला लाज वाटली. पुढच्या बाजारच्या दिवशी सगुणा परगावी गेलेली पाहून त्याने बापाला आतल्या खोलीत घातले आणि कडी लावली. दिवस मावळताना ती परतली तेव्हा त्या खोलीचे मागचे जुने दार मोडलेले होते. खोली रिकामी!

कोंडिबा ओढ्याकडे पळाला. चिडवण्याचा हा परिणाम पाहून शास्त्रीही घाबरले आणि घळीच्या वाटेने निघाले. सगुणा धावत मठात आली. आरती चालू होती. "महाराज, आमचं मामंजी!" ती आक्रोशली. महाराजांनी डोळे उघडले नाहीत. हातातली आरती तशीच फिरत राहिली.

इकडे घळीच्या अगदी काठावर शास्त्रींना लिंबाजीबाबा दिसले. हाका चालल्या होत्या, "कपिले! ये गं!"

"अहो, मागे या!" शास्त्री ओरडले. "मेली तुमची कपिला! कधीच मेली!"

म्हातारा दचकला. एक पाऊल पुढे गेले, पायाखालची माती ढासळली. एवढ्यात करवंदीच्या जाळीआडून महाराज आले!

"किती राहिल्या, लिंबाजीबाबा?" त्यांनी हळूच विचारले.

"एकच. कपिला. गाभण हाय वो."

"मग काळजी वाटणारच. बाकीच्या दारात उभ्या आहेत, त्यांना आधी बांधू या. कपिलेचं माझ्याकडे लागलं."

"तुमी बघाल?"

"मी बघतो."

लिंबाजीबाबांनी हात पुढे केला. महाराजांनी तो धरला आणि दोघे गाईंची नावे घेत गावाकडे चालू लागले. शास्त्री मागे मागे आले. मठाच्या दारापाशी म्हातारा सगुणेला बिलगला, आणि शास्त्री पाहतात तो शेजारी कोणीच नाही. आत महाराज आरतीचे तबक खाली ठेवत होते.

"महाराज कधी बाहेर गेले होते?" शास्त्रींनी विचारले.

"बाहेर?" मंडळी म्हणाली. "आरती सुरू झाल्यापासून इथंच आहेत की!"

शास्त्रींना रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच ते गवळ्याच्या घरी गेले. अंगणात महाराज लिंबाजीबाबांजवळ बसले होते. कोंडिबा पुन्हा खुंटे ठोकत होता.

"महाराज, एक शंका आहे," शास्त्री खालच्या आवाजात म्हणाले. "गाई नसताना आहेत म्हणणं, हे असत्य नव्हे का?"

"त्यांची काळजी खरी होती, शास्त्रीबुवा. तिला कोणीतरी ओ द्यायला हवी होती."

शास्त्रींनी एक दावे उचलले आणि खुंट्याला गुंडाळू लागले. लिंबाजीबाबांनी त्यांना ओळखले नव्हते.

"असं उभ्यानं दावं बसतं व्हय रं? वाक की खाली!"

शास्त्री वाकले. दावे बांधले. तसेच पुढे सरकून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, मग लिंबाजीबाबांच्या. डोके वर उचलेना.

"ऊठ, बाबा, ऊठ," म्हातारा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "अजून तेरा बांधायच्या हायत."

लिंबाजीबाबांची आठवण परत आली नाही. टिपणात तसे स्पष्ट लिहिले आहे. पण त्यांची संध्याकाळ पुन्हा कधी कडीआड गेली नाही.

एवढे उतरवून त्या भगिनीचा पत्ता घातला. उशिराबद्दल क्षमा मागितली, आणि तुमच्या सासूबाईंचे हात पूर्वी कोणत्या कामात असत, असे शेवटी विचारले. पुन्हा वाचले असते तर फाडले असते, म्हणून न वाचताच आज दुपारी टपालपेटीत टाकून आलो.