दळण होईपर्यंत

सोमण सर निवृत्त झाले, तरी गावाला शिस्त लावायचं त्यांनी सोडलं नव्हतं. रविवारी ते गिरणीत दळण घेऊन गेले, तर बाकावरची सगळी माणसं मोबाईलमध्ये बुडालेली. सरांचं डोकं तापलं.

"पूर्वी इथे दळण होईपर्यंत गावभरच्या गप्पा व्हायच्या," ते गरजले. "आता शेजारी माणूस बसलाय, याचंही कुणाला भान नाही!"

सगळ्यांनी निमूट फोन खिशात घातले. सरांच्या शेजारी राहणारी रेवती मात्र टाइप करतच राहिली.

"तुला वेगळं सांगू का गं? कुणाशी एवढं महत्त्वाचं चाललंय?"

रेवतीने मान वर केली. "तुमच्याच घरी, सर. काकूंशी. त्या म्हणतात, घरात बोलायला कुणी नाही."

गिरणीच्या घरघरीतही ते सगळ्यांना ऐकू गेलं. सरांना मान वर करवेना.

पीठ घेऊन ते घरी आले. त्यांना पाहताच बायकोने हातातला फोन घाईने पदराखाली लपवला.

"राहू दे, बोल तू," सर कसेबसे म्हणाले. आणखी काही बोलावं असं त्यांना फार वाटलं. पण बायकोशी गप्पा कशा सुरू करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.