पहिल्या संक्रांतीचं काळं वस्त्र

समुद्राकडे पाठ करून बसलेल्या एका गावात रंगनाथ खटावकर नावाचा एक शिंपी होता. गाव दूर उत्तरेचं, परमुलखातलं. तिथला समुद्र इतका गार की लोक घर बांधताना दारं दुसऱ्या बाजूला काढत. रंगनाथ मूळचा माणदेशाकडचा, विहिरीचा तळ बघत मोठा झालेला. त्याला समुद्राचं काही वाटत नसे. त्याला कापडाचं वाटे.

हात मोठा गुणी. फक्त एक नेम होता. माप घेतलं की त्यात दोन बोटं वाढवायची. "कापड आटतं आणि माणूस सुटतो," असं तो म्हणायचा. तीस वर्षांत त्याच्या हातची एक शिवण उसवली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमानही दोन बोटं जास्तच होता.

त्याच्या मुलाचं, मकरंदचं, लग्न कोकणातल्या एका बंदरावरच्या हेमांगीशी झालं. हेमांगीच्या वडिलांची होडी होती. पोर लहानपणी मोडक्या दाराच्या फळीवर पालथी पडून लाटेबरोबर किनाऱ्याला यायची. मोठी झाली तशी उभी राहायला लागली. पुढे एक पाहुणा आपली सर्फिंगची खरीखुरी फळी मागे ठेवून गेला, ती हिची झाली. हेमांगी बोलायची कमी. लाटेवर उभं राहिलेल्या माणसाला बोलायचं फारसं कारण पडत नाही.

सासरी येताना तिने ती फळी आईच्या गोधडीत गुंडाळून आणली. सासूबाईंनी, म्हणजे इंदुमतीबाईंनी, गोधडी सोडली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इस्त्रीला बरी आहे." फळी मागच्या दाराआड उभी राहिली. हळूहळू तिच्यावर टॉवेल वाळायला लागले.

घराचं दार रस्त्याकडे असलं तरी स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे होती. ती कोणी उघडत नसे. हेमांगी भांडी घासताना तिच्यातून बघायची. उन्हाळ्यात तिथला समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित पडून असतो, असं तिला शेजाऱ्यांकडून कळलं. लाटा येतात त्या थंडीतच. आणि थंडी तर सुरू झाली होती. रोज सकाळी राखाडी पाण्यातून एकेक लाट उठायची, सरळ, लांबलचक, कोणी तिच्यावर उभं नसलेली. हेमांगी ती फुटेपर्यंत बघायची आणि मग पुढचं भांडं घ्यायची.

एकदा ती एकटीच खाली गेली आणि तिने घोट्यापर्यंत पाय पाण्यात घातले. कळ थेट दाढेत गेली. ती परत आली आणि तिने पायमोजे चढवले.

दर रविवारी तिच्या वडिलांचा फोन येई. बापलेकीत बोलणं थोडंच होई. जेवलीस का, जेवले. मग ते होडीत बसून फोन समुद्राकडे धरत आणि ती ऐकत राही. तिकडे लाट फुटली की इकडे तिचे डोळे मिटत.

पहिली संक्रांत जवळ आली. नव्या सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने करायचे असतात. इंदुमतीबाईंनी हेमांगीला विचारलं, काठ कुठला हवा. हेमांगी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "आई, काळंच द्या. पण साडी नको."

मग तिने सांगितलं. वेटसूट म्हणून एक असतो. मानेपासून घोट्यापर्यंत, काळा, रबरासारख्या मऊ कापडाचा. तो घातला की गार पाण्यात उतरता येतं. एवढं एका दमात ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली होती. इंदुमतीबाईंनी मेथीची एक काडी मोडली, विचार केला आणि निकाल दिला. "काळं नेसायचं ते थंडीत ऊब राहावी म्हणूनच ना? मग पाण्यातल्या थंडीला पाण्यातलं काळं. शास्त्रात बसतंय." शास्त्र बसवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

रंगनाथने एकच अट घातली. कपड्याची गोष्ट आहे, तेव्हा निवडायला तो बरोबर येणार. मकरंदने आईकडे बघून मान हलवली, मग वडिलांकडे बघून हलवली. तो तसा सगळ्यांचाच मुलगा होता.

बंदराजवळ सुटांचं एक दुकान होतं. दुकानवाली पांढऱ्या केसांची, रोज सकाळी समुद्रात जाऊन येणारी. तिने पातळ सूट बाजूला सारले, ते उन्हाळ्याचे. थंडीसाठी जाड सूट काढला आणि तो कसा निवडायचा ते समजावलं. हा कपडा पाणी अडवत नाही. थोडं पाणी आत येतं. पण आलेलं पाणी तो जाऊ देत नाही, आणि अंगाच्या उबेने तेच पाणी ऊन होतं. म्हणून सूट अंगाबरोबर बसायला हवा. कमरेच्या खळग्यात चिमूट धरता आली तर तो मोठा समजायचा.

हेमांगी आत गेली. सूट चढवायला तिला पाव तास लागला. बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि कमरेत चिमूट बसत नव्हती. तिने आरशात पाहिलं. दुसरी कातडी आल्यासारखं वाटत होतं. कित्येक दिवसांनी तिच्या गालाला खळी पडली.

रंगनाथने सुनेकडे नीट पाहिलं नाही, ते बरं दिसलं नसतं. त्याने फक्त गळ्याची शिवण पाहिली आणि त्याचा जीव गुदमरला. बोटही शिरेना. त्याने मांडणीवरचा दोन मापं मोठा सूट काढला. "हा बघ. आत स्वेटर बसेल. उद्या अंग भरलं, पोरंबाळं झाली, तरी चिंता नाही." दुकानवालीने नकाराची मान हलवली आणि सरळ हेमांगीलाच विचारलं, कुठला देऊ?

सगळे तिच्याकडे बघायला लागले. हेमांगीच्या मनात आलं, साडीऐवजी सूट मागितला तोच केवढा मोठा हट्ट. त्यावर आणखी मापाचा हट्ट कसा करायचा? एवढ्या कौतुकाने देतायत.

"बाबा म्हणतात तोच," ती म्हणाली.

सून कशी असावी याचं ते उत्तर अगदी नमुनेदार होतं. समुद्राला मात्र नमुने कळत नाहीत.

संक्रांतीच्या दिवशी इंदुमतीबाईंनी तिला काळ्या सुटावरच हलव्याचा हार घातला, तिळगूळ दिला, फोटो काढला. मग हार उतरवून सगळे किनाऱ्यावर गेले. सासूबाईंनी थर्मासमध्ये चहा आणला होता. हेमांगी फळी घेऊन आत गेली आणि पहिली लाट तिच्या अंगावर फुटली. गळ्यातून पाणी शिरलं, पाठीवरून खाली गेलं आणि घोट्यातून निघून गेलं. ते ऊन व्हायच्या आत दुसऱ्या लाटेचं आलं. मग तिसऱ्या लाटेचं. कमरेत पखाल भरावी तसं पाणी भरलं. फळीवर गुडघा टेकवायचीही ताकद राहिली नाही. ती रांगतच बाहेर आली. ओठ जांभळे पडले होते.

"कसं आहे?" रंगनाथने विचारलं. "ऊब राहते ना?"

त्याचा चेहरा इतका फुललेला होता की हेमांगीने खाली बघून सांगितलं, "राहते, बाबा."

त्यानंतर दर रविवारी ती सूट घालून खाली जायची. गुडघाभर पाण्यात उभी राहायची, मग खडकावर बसायची. समोर लाटा यायच्या. पूर्वी खिडकीतून बघायची, आता जवळून बघायची, एवढाच फरक. इतक्या जवळून की तुषार चेहऱ्यावर यायचे आणि त्यांची चव घरच्यासारखीच खारट लागायची. तासाभराने ती उठायची, घरी जाऊन सूट दोरीवर टाकायची आणि वडिलांच्या फोनची वाट बघायची. वडील विचारत, उतरलीस का गो पाण्यात? ती म्हणायची, उतरले. खोटं नव्हतं. गुडघ्यापर्यंत खरंच होतं.

फेब्रुवारी लागला. लाटा हळूहळू बुटक्या व्हायला लागल्या. महिनाभरात समुद्र पुन्हा ताट होणार होता, पुढच्या थंडीपर्यंत.

रंगनाथला लाटेतलं कळत नव्हतं. पण दोरीवरच्या कपड्याने आजवर त्याच्याशी कधी खोटेपणा केला नव्हता. कुठला कोट बसून झिजला आणि कुठला उभं राहून, हे तो लांबून सांगायचा. एका रविवारी जाता जाता त्याने सुटाला हात लावला. पाय ओले. पाठ कोरडी. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी त्याने सूट खांद्यावर टाकला आणि तो हेमांगीसमोर जाऊन उभा राहिला.

"सूनबाई, याला तीन रविवार गुडघ्याच्या वर पाणी लागलेलंच नाही. तू लाटेवर उभी कशी राहतेस?"

हेमांगीने हातातलं भांडं खाली ठेवलं. आता काय बोलावं हे तिला ठाऊक होतं, तसं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"नाही राहत," ती म्हणाली. "बाबा, सैल आहे."

रंगनाथ खुर्चीवर बसला. "मग दुकानात का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेने देत होता."

तो सुटाची शिवण बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. आरशात बघतं, छान आहे म्हणतं, आणि परत येत नाही. मला वाटायचं, कपडा टिकतो म्हणून येत नाही."

इंदुमतीबाई हसणार होत्या, पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि चहाचं आधण ठेवलं.

एकदा समुद्रात गेलेला सूट दुकानात परत घेत नसत. रंगनाथने तो मशीनवर आत घ्यायचं ठरवलं, आणि आधी एका चिंधीवर शिवण घालून पाहिली. चिंधीत पाणी ओतलं. सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब आला. तेव्हा तीस वर्षं शिवत आलेला तो शिंपी दुकानवालीकडे गेला आणि शिकायला म्हणून स्टुलावर बसला. तिने दाखवलं. कापडाच्या कडा आधी चिकटवायच्या. मग टाका घालायचा, पण तो आरपार जाऊ द्यायचा नाही. सुईने कापडाच्या पोटातूनच वळायचं.

"ही तर तुरपाई," रंगनाथ म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळा हसला. साडीच्या पदराला त्याने आयुष्यभर तीच घातली होती.

इंदुमतीबाईंनी सुनेची मापं घेतली आणि आतून ओरडून सांगितली. रंगनाथने ती कागदावर उतरवली. सवयीने पेन्सिल दोन बोटांकडे वळली. मग थांबली. जेवढं माप होतं तेवढंच त्याने लिहिलं. चार चिंध्या गळल्या. पाचवीत ओतलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच होतं. मग त्याने सुटाला कात्री लावली.

रविवार आला तेव्हा समुद्रात मोजक्याच लाटा उरल्या होत्या. आत घेतलेला सूट काही केल्या हेमांगीच्या पायात चढेना. इंदुमतीबाईंनी स्वयंपाकघरातून प्लास्टिकची पिशवी आणली, तिच्या पावलावर चढवली आणि सुटाचा पाय बांगडीसारखा वर सरकवला. "चुडा भरताना कासारीण असंच करायची," त्या म्हणाल्या. "सैल चुडा घालून कोणी लग्नाला उभं राहत नाही, आणि हे शहाणे निघाले होते सुनेला सैल घालून समुद्रात पाठवायला." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मलाही तेव्हा सुचलं नाही म्हणा."

हेमांगी पाण्यात शिरली. गुडघे गेले. कंबर गेली. पहिली लाट अंगावर आली तेव्हा गळ्यातून ओंजळभर पाणी आत उतरलं, बर्फासारखं. तिचा श्वास अडकला. ती त्या पाण्याच्या निघून जाण्याची वाट बघत थांबली. ते गेलं नाही. पाठीशी चिकटून राहिलं. हळूहळू त्याची बोच कमी झाली, मग ते नुसतं पाणी झालं, आणि मग ऊन झालं. हा तोच परका, गार समुद्र होता. त्यातला ओंजळभर तिच्या अंगाने आपलासा केला होता.

तिने तीन लाटा जाऊ दिल्या. चौथी सरळ आणि लांब होती. हेमांगी वळली, हात मारले, आणि उभी राहिली.

किनाऱ्यावर इंदुमतीबाईंच्या हातातला चहा कलंडला आणि मकरंदची मान एकदाची स्थिर झाली.

ती बाहेर आली तेव्हा रंगनाथ पाण्याच्या काठाशी उभा होता. बूट भिजत होते. "आता खरं सांग," तो म्हणाला.

हेमांगीने क्षणभर विचार केला. "डाव्या काखेत थोडं शिरतं, बाबा."

रंगनाथचा चेहरा संक्रांतीच्या दिवसापेक्षाही जास्त फुलला. त्याने खिशातून खडू काढला आणि ओल्या काळ्या कापडावर, काखेशी, खूण केली. खूण लगेच पुसली गेली. त्याने पुन्हा केली.

थोड्या वेळाने फोन वाजला. वडिलांनी आपला फोन समुद्राकडे धरायच्या आत हेमांगी म्हणाली, थांबा, आज मी धरते. तिने हात लांब केला. इकडे एक लाट फुटली. पलीकडे, होडीत, वडिलांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"लाट जड आसा गो तुजी," शेवटी वडील म्हणाले.

तात्पर्य: देणाऱ्याचं मन राखायला आपलं माप लपवलं, तर मायेनं दिलेलं वस्त्रही गारच लागतं. ज्याला खरं माप सांगता येतं, त्याला परकं पाणीही ऊब देतं.